पॅच बदलला की आवाज गायब: प्रोसेसरच्या रूटिंगमधला दोष कसा शोधायचा

लक्षण ओळखीचं आहे. सरावाला सगळं ठीक. कार्यक्रमात दोन-तीन गाणी होतात, मल्टी-इफेक्ट प्रोसेसरवर लीडचा पॅच (म्हणजे सेव्ह करून ठेवलेली इफेक्टची जुळणी) दाबला की आवाज बंद. मिक्सरवरचा साऊंडवाला हात हलवून ‘सिग्नल इल्ला’ (सिग्नल नाही) म्हणतो. आपण पिन हलवतो, पॅच मागे-पुढे करतो, आवाज येतो, कार्यक्रम कसाबसा निभावतो. पुढच्या कार्यक्रमाला पुन्हा तेच. मग केबल बदलतात, अडॅप्टर बदलतात आणि शेवटी ‘मशीनच गेलंय’ म्हणून विकायला काढतात. अशी विकायला निघालेली बरीच मशीनं धडधाकट असतात.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडं मल्टी-इफेक्ट प्रोसेसर आता गिटारवाल्यांपुरता उरलेला नाही. ऑर्केस्ट्रात आहे, चर्चमध्ये वाजवणाऱ्या पोरांकडं आहे आणि बेंजो पार्टीतही आहे. जपानच्या ताइशोगोतोपासून आलेलं हे कळा दाबून वाजवायचं वाद्य, पण मिरवणुकीत त्याला डिस्टॉर्शन आणि डिले लागतो तो गिटारचाच. त्यामुळं खाली जिथं गिटार लिहिलंय तिथं बेंजो वाचा, प्रोसेसरला काही फरक पडत नाही.

केबल तुटली असेल तर ती सगळ्याच पॅचना तुटलेली असते. दोष ठराविक पॅचलाच येतो, ठराविक मिक्सरवरच येतो किंवा मशीन बंद-चालू केल्यावर परत येतो, तेव्हा तो बहुतेक वेळा कुठंतरी सेव्ह होऊन बसलेला असतो. तो पॅचमध्ये आहे, सिस्टीम मेनूत आहे की मशीनच्या बाहेर जोडणीत, एवढं कळलं की अर्धं काम झालं.

आधी रिकामा पॅच

वापरात नसलेला एखादा पॅच घ्या आणि त्यातले सगळे ब्लॉक, म्हणजे एकेका इफेक्टचे डबे, बंद करा. गेट नको, ॲम्प नको, रिव्हर्ब नको, पेडलला काही जोडलेलं नको. पॅचचं व्हॉल्यूम मध्यावर ठेवा. त्याला ‘कोरा’ असं नाव देऊन सेव्ह करा आणि कायम ठेवून द्या. स्टेजवर आवाज गेला की पहिली उडी या पॅचवर. इथं गिटार साधी, कोरडी ऐकू आली तर इनपुट, आउटपुट, केबल, मिक्सर सगळं चालू आहे आणि दोष त्या दुसऱ्या पॅचच्या आतच आहे. इथंही शुकशुकाट असेल तर पॅचमध्ये बोटं घालत बसू नका, बाहेर बघा.

त्याआधी एकदा ट्यूनर बघा. बहुतेक मशीनं ट्यूनर चालू असताना आउटपुट म्यूट करतात, आणि पायाखालची दोन बटणं एकत्र दाबली की ट्यूनर चालू होतो. अंधारात, घाईत, जाड सोलच्या बुटानं हे सहज होतं. ‘मशीन अचानक मेलं’ या तक्रारीत हे कारण इतक्यांदा निघतं की मी आधी स्क्रीनचा फोटो मागवतो.

दुसरी गोष्ट सेव्हची. ऐन वेळी नॉब फिरवून आपण आवाज आणतो, पण बऱ्याच मशीनांत तो बदल राईट किंवा सेव्ह केल्याशिवाय टिकत नाही. पॅच बदलला की जुनी किंमत परत. दोष पुन्हा पुन्हा का येतो, याचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं. काही मशीनांत ऑटोसेव्ह असतो, तिथं उलटी गंमत: सहज म्हणून फिरवलेला नॉब कायमचा बसतो. आपल्या मशीनमध्ये कोणता प्रकार आहे ते घरी बसून माहीत करून घ्या. स्टेज ही ती शिकायची जागा नव्हे.

दोष पॅचमध्ये असेल तर

उसाला पाणी सोडलं आणि शेवटच्या सरीला पोचलं नाही, तर आपण आधी मोटर खोलत नाही. पाटाच्या कडेनं चालत जाऊन पाणी कुठं अडलंय ते बघतो. इथंही तसंच करायचं. स्क्रीनवर सिग्नलची साखळी डावीकडून उजवीकडं दिसते. तार छेडत राहा आणि एकेक ब्लॉक बंद करत जा. जो बंद केल्यावर आवाज परत येतो, तिथं सिग्नल अडला होता.

अडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. नॉइझ गेट ठराविक पातळीखालचा आवाज कापतो. ती पातळी, म्हणजे थ्रेशोल्ड, फार वर असली की हळू वाजवलेलं सगळं कापलं जातं. गिटारचा व्हॉल्यूम नॉब थोडा खाली केला की गेट दार लावतो आणि आपल्याला वाटतं पिकअप गेला. बेंजोला हे जास्त जाणवतं, कारण तिथं तारेचा आवाज छेडल्यावर लवकर उतरतो.

एफएक्स लूपचा, म्हणजे बाहेरचं पेडल मध्ये जोडायच्या वाटेचा ब्लॉक हा दुसरा चोर. तयार पॅच नेटवरून उतरवून घेतला आणि तो बनवणाऱ्याच्या साखळीत लूप चालू असेल, तर सिग्नल तुमच्या मशीनच्या सेंडमधून बाहेर जातो आणि रिटर्नमधून परत यायची वाट बघतो. तुमच्या रिटर्नला काहीच जोडलेलं नाही. परिणाम, शांतता. लूप बंद करा, सेव्ह करा, विषय संपला.

दोन वाटा करता येणाऱ्या मशीनांत, म्हणजे २०१५ साली आलेल्या लाइन सिक्सच्या हेलिक्ससारख्यांत, प्रश्न थोडा खोल जातो. तिथं एका प्रीसेटमध्ये चार स्टिरिओ वाटांपर्यंत जाता येतं. प्रत्येक वाटेला स्वतःचा इनपुट ब्लॉक आणि आउटपुट ब्लॉक असतो. पहिल्या वाटेचं आउटपुट दुसऱ्या वाटेकडं वळवलेलं असेल आणि त्या वाटेवर शेवटी आउटपुटची पातळी पूर्ण खाली असेल, तर वरच्या ओळीत सगळं हिरवंगार दिसूनही बाहेर काही येत नाही. वाट जिथं फुटते त्या स्प्लिटचा नॉब पूर्ण एका बाजूला गेलेला असणं, वाटा जिथं मिळतात त्या मर्जच्या मिक्सरमध्ये एक बाजू खाली असणं, हीसुद्धा नेहमीची कारणं. अशा मशीनवर ब्लॉक बंद-चालू करण्याआधी दोन्ही टोकं बघा: सिग्नल कुठून आत घेतलाय आणि कुठं बाहेर सोडलाय.

आणि पेडल. यावर थोडं थांबतो, कारण लीडच्या पॅचला आवाज जातो म्हणणाऱ्यांत पेडलवाले बरेच असतात. मशीनवरचं पायाचं पेडल एका पॅचला वाह या इफेक्टचं काम करतं, दुसऱ्याला व्हॉल्यूमचं. वाहच्या पॅचला तुम्ही टाच दाबून सोडलीत, ते तसंच राहिलं. मग लीडचा पॅच दाबला, तिथं तेच पेडल व्हॉल्यूम आहे, आणि टाच दाबलेली म्हणजे व्हॉल्यूम शून्य. काही मशीनं पॅच बदलताच पेडलची आत्ताची जागा वाचतात, काही पेडल हलवल्यावरच वाचतात. म्हणून दोष कधी येतो, कधी येत नाही, आणि माणूस भुताटकीवर विश्वास ठेवायला लागतो. तपासणी सोपी आहे. आवाज गेला की पंजा पूर्ण दाबा. आला तर पेडलच होतं. मग त्या पॅचमध्ये व्हॉल्यूमची किमान किंमत शून्याऐवजी साठ-सत्तरवर ठेवा, किंवा पेडलचं ते काम काढूनच टाका.

बाहेरून वेगळं एक्स्प्रेशन पेडल लावलं असेल तर त्याची केबल स्टिरिओ पी-३८ची (पाव इंची जॅक पिन) असावी लागते, टिप, रिंग आणि स्लीव्ह अशा तीन भागांची. साधी गिटारची केबल लावली तर किंमत एका टोकाला अडकून बसते किंवा उड्या मारते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पेडलांत टिप आणि रिंगची जोडणीही उलटी असू शकते. नवीन पेडल घेतलं की मेनूतून कॅलिब्रेशन करून घ्या.

हेडफोनला मस्त, मिक्सरवर नुसता एको

निपाणीकडच्या एका बेंजोवाल्यानं मशीन आणून पुढं ठेवलं. ‘अण्णा, घरात हेडफोन लावला तर एक नंबर वाजतंय. मिक्सरला लावलं की बेंजो गायब, नुसता एकोच ऐकू येतोय की वो. साऊंडवाला म्हणतोय मशीन टाकून दे.’

त्याच्या पिशवीत एकच केबल होती. एका टोकाला स्टिरिओ पी-३८, दुसऱ्याला मिक्सरच्या माइक इनपुटला बसणारी तीन टाचण्यांची एक्सएलआर पिन. ही केबल तो प्रोसेसरच्या हेडफोन जॅकमध्ये घालत होता. कार्यक्रमाला मोजून तेवढीच वायर न्यायची, म्हणून ती सोयीची.

यात मशीनचा काहीच दोष नाही. हेडफोनच्या जॅकमध्ये टिपवर डावा आवाज असतो, रिंगवर उजवा. मिक्सरचं बॅलन्स्ड इनपुट मात्र टिप आणि रिंगवर आलेल्या दोन सिग्नलमधला फरक तेवढा पुढं पाठवतं. गोंगाट काढून टाकायची ती युक्ती आहे: दोन्ही तारांवर सारखं जे असेल ते रद्द. आता बेंजोचा मूळ आवाज डावीकडं आणि उजवीकडं अगदी सारखा, म्हणून मिक्सरनं तो गोंगाट समजून रद्द केला. स्टिरिओ डिले आणि रिव्हर्ब दोन्हीकडं वेगवेगळे, म्हणून तेवढेच उरले. पॅच पूर्ण मोनो असता तर जवळजवळ काहीच आलं नसतं.

मी त्याला साधी मोनो केबल दिली, एल/मोनो लिहिलेल्या आउटपुटला लावायला लावली, दुसरं टोक डीआय बॉक्समध्ये (साधा सिग्नल बॅलन्स्ड करून देणारा डबा) आणि तिथून एक्सएलआरनं मिक्सरला. बेंजो परत. डीआय बॉक्स नसेल आणि मिक्सर जवळ असेल तर मिक्सरच्या लाइन इनपुटला मोनो पी-३८ थेट चालते. हेडफोनचाच जॅक वापरणं भाग असेल, कारण काही छोट्या मशीनांत आउटपुट आणि हेडफोन एकच असतं, तर स्टिरिओ पिनमधून दोन वेगळ्या मोनो पिना निघणारी वाय केबल घ्या आणि दोन चॅनेल वापरा. चॅनेल एकच रिकामं असेल तर त्यातली फक्त डावी पिन लावा. डावी-उजवी तार एकत्र पिळून एका पिनेला सोल्डर करणारे महाभाग आहेत. तसं करू नका, दोन आउटपुट एकमेकांवर भार टाकतात.

एल/मोनोबद्दल आणखी एक. उजव्या जॅकमध्ये काही नसेल तर बहुतेक मशीनं डावं-उजवं एकत्र करून डावीकडून देतात. पण उजव्या जॅकमध्ये नुसती केबल अडकवून तिचं दुसरं टोक खाली लोंबत असेल, तर मशीनला वाटतं तुम्हाला स्टिरिओ हवाय. मग डावीकडं फक्त डावा भाग येतो, आणि डावीकडून उजवीकडं उड्या मारणाऱ्या पिंगपाँग डिलेचा प्रत्येक दुसरा ठोका हवेत जातो. वापरात नसलेली केबल जॅकमधून काढून ठेवा.

घरी गोड, पेंडॉलमध्ये चरचर

आवाज जात नाही, पण असा होतो की गेलेला बरा. कारण बहुतेक वेळा सिस्टीम मेनूत असतं. गिटार ॲम्पचा स्पीकर साधारण पाच किलोहर्ट्झच्या वरचं फारसं वाजवत नाही, त्यामुळं डिस्टॉर्शनचा काटेरी भाग तिथंच गळून पडतो. कार्यक्रमाचा मोठा साऊंड मात्र वरचं सगळं वाजवतो. म्हणून मिक्सरला जाताना प्रोसेसरमधला कॅबिनेटचा (ॲम्पच्या स्पीकरची नक्कल करणारा) ब्लॉक चालू हवा, आणि ॲम्पच्या पुढच्या इनपुटला जाताना तो बंद हवा. दोन्हीकडं चालू ठेवलात तर ॲम्पमधून घोंगडी पांघरल्यासारखा आवाज येतो.

बॉसच्या जीटी-१मध्ये हे आउटपुट सिलेक्ट नावानं आहे. तिथं ॲम्पचे प्रकार दिसतात आणि शेवटी लाइन/फोन्स. मिक्सरला जाताना लाइन/फोन्स. हे सेटिंग पॅचबरोबर बदलत नाही, सगळ्या मशीनला एकच लागतं. त्यामुळं घरी ॲम्पसाठी बदललं आणि परत केलं नाही, तर कार्यक्रमात सगळेच पॅच एकसाथ बिघडतात. सगळे पॅच एकदम बिघडले की ग्लोबल सेटिंग, एकच बिघडला की पॅच. ग्लोबल ईक्यू आणि इनपुट पॅडही (येणारी पातळी कमी करणारं सेटिंग) याच खात्यात येतात, तेही बघून घ्या.

चार केबलची जोडणी

ज्यांच्याकडं लूप असलेला ॲम्प आहे ते चार केबल वापरतात. गिटारमधून प्रोसेसरच्या इनपुटला. प्रोसेसरच्या सेंडमधून ॲम्पच्या पुढच्या इनपुटला. ॲम्पच्या सेंडमधून प्रोसेसरच्या रिटर्नला. प्रोसेसरच्या आउटपुटमधून ॲम्पच्या रिटर्नला. पॅचमध्ये लूपच्या ब्लॉकच्या आधी वाह आणि ओव्हरड्राइव्ह, नंतर डिले आणि रिव्हर्ब. प्रोसेसरचा ॲम्प आणि कॅबिनेट बंद.

इथं लक्षणं बोलकी असतात. ठराविक पॅचला आवाज येतो पण पातळ आणि बेचव, ॲम्पचे गेन-ट्रेबल नॉब फिरवून काहीच बदलत नाही: त्या पॅचमध्ये लूपचा ब्लॉक बंद आहे, ॲम्पचा प्रीॲम्प वाटेतच नाही. सगळ्या पॅचना शांतता किंवा शिट्टी: कुठंतरी सेंड-रिटर्न उलटं झालंय. आवाज फुटतोय किंवा फार दबलाय: लूपची पातळी जुळत नाही. ॲम्पच्या मागं किंवा मेनूत सिग्नलच्या पातळीचा उणे दहा आणि अधिक चार असा पर्याय असेल तर दोन्हीकडं सारखा ठेवा. आणि घूं असा जाड हम येतोय तर तो पन्नास हर्ट्झचा, प्रोसेसर आणि ॲम्प दोन वाटांनी अर्थला जोडले गेल्यामुळं. एका केबलमध्ये आयसोलेशन ट्रान्स्फॉर्मर घाला. प्लगची अर्थची पिन कापायचा सल्ला कोणी दिला तर त्याचं ऐकू नका. जनरेटरवर चालणाऱ्या चित्ररथावर तर मुळीच नको.

आता एक असा दोष, जो मेनूत कितीही शोधला तरी सापडत नाही. ॲम्पच्या लूपमध्ये काही जोडलेलं नसताना सिग्नल रिटर्न जॅकच्या आतल्या एका छोट्या पत्र्याच्या संपर्कातून पुढं जातो. पिन घातली की तो संपर्क उघडतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं जूनपासून जो पाऊस लागतो त्यात हा संपर्क काळवंडतो, आणि चार केबल काढून ॲम्प साधा वापरायला घेतला की आवाज कमी-जास्त व्हायला लागतो, मध्येच जातो, ठोसा मारला की येतो. खात्री करायची असेल तर छोटी पॅच केबल घेऊन ॲम्पचा सेंड सरळ रिटर्नला जोडा. आवाज भक्कम झाला तर संपर्कच. तात्पुरतं ती केबल तशीच राहू द्या. कायमचं हवं असेल तर ॲम्प बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि पिन बरेचदा आत-बाहेर करा. पेट्रोल, डिझेल, खोबरेल तेल, यातलं काही नको. तिन्ही प्रकार बघितलेत.

दोन वाटा एकत्र आल्या की आवाज पोकळ

वेगवेगळ्या वाटा दोन्ही भरदार, एकत्र केल्या की पातळ. हे फेजचं प्रकरण, म्हणजे दोन वाटांचे आवाज एकमेकांना खातात. समजा एक वाट प्रोसेसरच्या आतूनच जाते आणि दुसरी लूपमधून बाहेरचं एखादं पेडल फिरून येते. बाहेर जाताना सिग्नलचं डिजिटलमधून ॲनालॉग होतं, येताना पुन्हा डिजिटल, आणि त्यात मिलिसेकंद-दोन मिलिसेकंद जातात. एक मिलिसेकंदाचा फरक पडला तर ५०० हर्ट्झला खड्डा पडतो, मग १५०० ला, मग २५०० ला. गिटारचा जीव नेमका त्याच पट्ट्यात. बाहेरच्या पेडलला समांतर वाटेवर ठेवू नका, एकाच वाटेत ओळीनं ठेवा. समांतरच हवं असेल तर आतल्या वाटेवर तेवढाच छोटा डिले पूर्ण वेट ठेवून (मूळ आवाज न मिसळता) घाला आणि कानानं जुळवा. डिले न घालता नुसती पोलॅरिटी उलटी केल्यावर आवाज एकदम भरला तर उशीर नव्हताच, नुसतं उलटंपालटं होतं.

यूएसबीचं थोडक्यात. लॅपटॉपवर रेकॉर्ड करताना गिटार दोनदा ऐकू येते किंवा विमानासारखी घरघरते, कारण एक आवाज प्रोसेसरमधून थेट येतोय आणि दुसरा सॉफ्टवेअरमधून फिरून. सॉफ्टवेअरमधलं इनपुट मॉनिटरिंग बंद करा. रेकॉर्ड झाल्यावर इफेक्टच नाही असं दिसलं तर चॅनेल चुकलंय. हेलिक्समध्ये यूएसबी ७ आणि ८ वर कोरडा सिग्नल येतो, तयार आवाज १ आणि २ वर. चार्जर लावल्यावर किरकिर सुरू होत असेल तर चार्जर काढून बघा, तिथंच उत्तर मिळेल.

फॅक्टरी रिसेटची घाई करू नका. त्यानं दोष जातो खरा, पण वर्षभर घासूनपुसून केलेले पॅचही जातात. आधी कंपनीच्या एडिटर सॉफ्टवेअरनं सगळ्याचा बॅकअप लॅपटॉपवर घ्या. रिसेट केल्यावर दोष गेला, आणि बॅकअपमधले पॅच एकेक करून परत टाकताना ज्याच्याबरोबर तो परत आला, तो पॅच पुन्हा नव्यानं बांधा. सिस्टीम सेटिंगचा बॅकअप मात्र परत टाकू नका, ती हातानं भरा. दोष तिथंच असला तर तो बॅकअपमधून तसाच परत येईल.

कुणाला विचारायचं असेल तर ‘आवाज येईना’ एवढंच न लिहिता पॅचच्या साखळीचा फोटो, मशीनच्या मागच्या बाजूचा केबल लावलेला फोटो आणि कोरा पॅच वाजतो की नाही, हे तिन्ही पाठवा.